बांधाच्या काठी तंबू ठोकायचा म्हणजे

समुद्रकिनारी तंबूत झोपायचं, हा हट्ट माझ्या भाचीचा. गोंदियाहून मुंबईचा समुद्र म्हणजे विदर्भ एक्स्प्रेसची अख्खी रात्र, आणि कोकणचा मोकळा किनारा गाठायचा तर त्याच्याही पुढे. तेवढी सुट्टी कोणालाच नव्हती. पण आमच्या जिल्ह्यात गावोगावी तलाव आहेत आणि नवेगावबांधचं पाणी तर सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेलं. पाळीवर उभं राहिलं की मधोमध मालडोंगरीचं बेट दिसतं आणि चहूकडे डोंगर. लेकराला पाण्याचा काठ दाखवायला याहून दूर कशाला जायचं? डिसेंबरमध्ये बांधाला जायचं ठरलं.

ठरलं खरं, पण तंबू कुठे ठोकायचा हे विचारायला सुरुवात केली आणि डोकं चक्रावलं. मी गोंदिया शहरात वाढले, जंगलात रात्र कधी काढली नाही. तलावाला लागून असलेलं जंगल १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं आहे. आत जायला परवाना लागतो, आणि परवाना मिळाला म्हणजे मनाला येईल तिथे पथारी पसरता येते असं नाही. मुक्काम करायचा तो ठरवून दिलेल्या निवासातच. शेकोटीचंही तसंच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या ३० व्या कलमात जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायला किंवा पेटती सोडून जायला मनाई आहे. मला हे नियम जाचक वाटले नाहीत. पानगळीच्या रानात वाळलेल्या पाल्यावर एक ठिणगी पडली तर काय होतं, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी माझा प्रश्न उरलाच, मग आम्ही झोपायचं कुठे?

शेवटी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या मामाजींना फोन केला. त्यांनी आधी उलट मलाच विचारलं, “बाई, तंबू पाण्याजवळ काहून पायजे?” मी म्हटलं, काठ जवळ असावा, पाखरं दिसावीत. ते म्हणाले, पाण्याच्या धडीला रात्री जनावरं येतात, ती त्यांची वाट आहे. शिवाय थंडी खाली उतरून पाण्याशी साचते, लेकरू गारठेल. आणि मोहाच्या झाडाखाली तर कधीच निजू नये. अस्वलं खायला येतात ती मोहफुलं पडतात मार्च-एप्रिलमध्ये, पण अस्वलाचं झाड ओळखायची सवय आधीपासून असलेली बरी. मी वहीत लिहून घेत होते आणि प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न निघत होता. पाणी नेमकं कुठवर असेल? मामाजी म्हणाले, ते कसं सांगू? हा तलाव धानासाठी बांधलेला. पाऊस किती पडला आणि पाणी किती सोडलं, त्यावर काठ पुढेमागे होतो.

हे माझ्या ध्यानातच नव्हतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधली जागा हेरून पाळ घातली आणि हा तलाव केला, असं सांगतात. लोकांनी पुढे त्यांना कोलासूर म्हणून देव मानलं. कोहळी समाजानं या भागात असे कितीतरी तलाव बांधले, आणि ढिवर समाज पिढ्यान् पिढ्या त्यांत मासेमारी करत आला. म्हणजे मी जिला मोकळी जागा समजत होते तिथे कोणाचं तरी जाळं सुकतं, कोणाची धानाची बांधी भिजते. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते, वनविद्येचं रीतसर शिक्षण घेऊन आलेले. तेही इथल्याच माधवराव पाटील डोंगरवारांकडून हे रान शिकले. मग माझ्यासारखीनं चार माणसांना विचारल्याशिवाय खुंटी तरी कशी ठोकावी?

मामाजींनीच मार्ग काढला. त्यांचं खळं घराला लागून आहे. धान चुरून झालं की ते मोकळं होतं. जमीन चोपून सपाट केलेली, शेणानं सारवलेली, धसकटं नाहीत, दगड नाहीत. खाली वीतभर तणस पसरायची, वर ताडपत्री, त्यावर तंबू. जमिनीची थंडी तणस अडवते. मात्र ताडपत्रीची कड तंबूच्या बाहेर येऊ द्यायची नाही, नाहीतर दवाचं पाणी तिच्यावरून थेट अंथरुणाखाली येतं. शेजारच्या बांधीत धानाचे पुंजणे उभे असतील तर रानडुकरं येतील, म्हणून मामाजी रात्री जागलीला असणारच.

तंबू आम्ही मागून आणला आणि आधी गच्चीवर उभा केला. स्लॅबमध्ये खुंट्या जाईनात, म्हणून दोऱ्या विटांना बांधल्या. भाची आणि मी आत झोपलो, थंडी म्हणून साऱ्या चेनी लावून घेतल्या. पहाटे बॅटरी लावली तर आतल्या कापडावर पाण्याचे बारीक थेंब ओळीनं चिकटलेले, बोट लावलं की एकमेकांत मिसळून खाली घरंगळत होते. पाऊस नव्हता, दवही बाहेरच्या बाजूला. ती आमच्याच श्वासांतली वाफ होती, थंड कापडावर थेंब झालेली. आता वरच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि एक जादा गोधडी घ्यायची, हे ठरलं आहे.

बेत असा: कोहमाऱ्याहून वळून दुपारी बांधावर पोचायचं. उन्हं कलेपर्यंत पाळीवरून बदकं पाहायची, उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून आलेली. त्यांच्यावर बॅटरीचा झोत टाकायचा नाही, हे भाचीकडून वदवून घेतलं आहे. अंधारायच्या आत मामाजींकडे. सकाळी परवाना काढून उद्यानात.

एवढं एकच अडलं आहे. मामी म्हणते, चूल पेटलेली असताना गॅसची शेगडी काहून आणता? भाचीचं म्हणणं, तंबूत राहायचं तर स्वयंपाकही आपला आपण करायचा. मी भाचीच्या बाजूनं आहे. शेगडी नेऊ, पण ती खळ्यात तणसाजवळ नाही, अंगणात पेटेल, आणि मामीचा भात व ढिवरांकडून ताजी घेतलेली मासळी आम्ही त्याच्या जोडीला खाऊच.