नेहमी त्यालाच का?

आज तुम्हांला माझीच एक चूक सांगते.

आमचं फोंडाघाट कणकवली तालुक्यात. कणकवलीजवळ गड नदीच्या काठी गोपुरी आश्रम आहे. तो १९४८ साली स्थापन केला आप्पासाहेब पटवर्धनांनी. लोक त्यांना 'कोकणचे गांधी' म्हणत. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी काय मागावं? संडास साफ करण्याचं काम! 'उच्च' जातीच्या कैद्याला ते काम देत नसत. आप्पांनी त्यासाठी अन्न सोडलं. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास केला.

ही गोष्ट मी वर्गात अगदी रंगवून सांगितली. मुलं गप्प होऊन ऐकत होती. मलाही बरं वाटलं.

दोनच दिवसांनी पहिलीतल्या एका मुलीला वर्गात उलटी झाली. मी नाकाला पदर लावला आणि मागे बसणाऱ्या एका मुलाला म्हटलं, "जा रे, राख आण नि साफ कर." तो निमूट उठला. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तुमी नेमी हेकाच कित्याक सांगतास?"

मी तिला "गप बस" म्हटलं. पण प्रश्न काही गप्प बसेना! रात्री पाऊस कोसळत होता आणि मी कूस बदलत होते. खरंच, त्यालाच का? वर्गात तीस मुलं, हात सगळ्यांना दोन-दोन. आणि माझे दोन कुठे होते? उत्तर मला ठाऊक होतं. म्हणूनच झोप येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्या मुलाला म्हटलं, "बाळा, काल माझं चुकलं." तो लाजला, खाली बघत राहिला. लगेच हसला वगैरे नाही. का हसावं त्याने?

पुढच्या आठवड्यात पुन्हा कुणाला तरी उलटी झाली. या वेळी राख मी आणली, झाडूही मीच घेतला. किळस आली, खोटं कशाला बोलू! पण हात धुताना मन कसं हलकं हलकं झालं. मागे वळून बघते, तर तोच मुलगा पाण्याची बादली घेऊन उभा. या वेळी त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलांनो, चांगलं वागलं की बक्षीस मिळतंच असं नाही. पण रात्री शांत झोप लागते. ती कुठल्या दुकानात मिळत नाही.

तुमच्या वर्गात, घरात असा 'नेहमी तोच' किंवा 'नेहमी तीच' कोण आहे? जरा बघा. आणि मोठ्यांनो, तुम्हीही बघा.