निरंक

गेल्या हिवाळ्यात आमच्या चिरंजीवांनी दिल्लीतील सरकारी निवासस्थानाच्या व्हरांड्यात लाकूड कोरणारे एक छोटे सीएनसी यंत्र जुळवले. कामाचे क्षेत्र जेमतेम 30 बाय 18 सेंटिमीटर. एके रात्री त्याचा सरकता भाग मूळ स्थानी परतताना थांबलाच नाही. चौकटीवर आदळला आणि मोटर घरघरत राहिली.

दोष शोधण्यात दोन रविवार गेले. टोक आल्याची वर्दी देणाऱ्या लिमिट स्विचची तार आतून तुटली होती, बाहेरचे आवरण मात्र शाबूत. घराच्या वायरिंगमधून उरलेली एकपदरी तार त्याने वापरली होती. अशी तार भिंतीत वर्षानुवर्षे टिकते; पण प्रत्येक फेरीत एकाच जागी वाकली की तांबे थकते. आता तेथे बारीक पदरांची लवचिक केबल आहे. ती साखळीसारख्या वाहकातून सैलसर जाते आणि वाहकाच्या दोन्ही टोकांना पक्की बांधलेली आहे. टोकांवरचे सोल्डरही काढले, कारण सोल्डर जेथे संपते तेथेच पदर तुटू लागतात.

मात्र मला अस्वस्थ केले ते निराळ्याच गोष्टीने. स्विच 'नॉर्मली ओपन' पद्धतीने जोडला होता : दाबला तरच प्रवाह वाहणार. तार तुटली तरी प्रवाह नाहीच, म्हणजे नियंत्रकाच्या लेखी सारे आलबेल! उलट 'नॉर्मली क्लोज्ड' जोडणीत प्रवाह एरवी चालू असतो आणि तार तुटताच खंडित होतो. विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 मध्ये पेटंट घेतलेले रेल्वेचे ट्रॅक सर्किट याच तत्त्वावर चालते. तार तुटली तरी सिग्नल लाल होतो.

पूर्वेकडील एका राज्यात नियुक्त असताना प्रलंबित प्रकरणांचे मासिक 'निरंक' अहवाल मी बंद केले होते. कळविण्याजोगे काही असेल तरच लिहावे, असा आदेश काढला. कागद वाचला, वरिष्ठांनी कौतुकही केले. (अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला बचत फार लवकर दिसते.) एका दूरच्या उपकार्यालयाकडून सात महिने काहीच आले नाही. बैठकांतून मी त्याचा दाखला देत असे. प्रत्यक्षात तेथील लिपिकाची बदली झाली होती, जागा रिकामी होती आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचे अर्ज कपाटात पडून होते. अर्जदारांपैकी एका बाईंनी तोवर राहते घर गहाण टाकले होते.

चिरंजीवांनी स्विचची जोडणी बदलायला दहा मिनिटे घेतली. मला तो आदेश मागे घ्यायला तीन आठवडे लागले, आणि टिप्पणीत कारण म्हणून मी 'प्रशासकीय सोय' असे लिहिले.