धर्मानंदांना कोणत्या घटकात बसवायचे?

दोन श्रेयांक म्हणजे तीस तासिका. धर्म सहा. म्हणजे प्रत्येक धर्माच्या वाट्याला पाच तासिका. हा हिशेब आम्ही तिघांनी वर्ध्यात एका रविवारी सकाळी, पुढ्यातला चहा निवण्याच्या आत करून टाकला. आणि खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हांला स्वतःच्या झपाट्याचे समाधानच वाटले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना आली. मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक अशी तिची मांडणी. एका वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चौथे वर्ष केल्यास ऑनर्स अशा तिच्या पायऱ्या. या रचनेत ‘धर्म-अध्ययन’ असा एक खुला ऐच्छिक विषय असावा आणि पुढे त्यावर पदविका-पदवीचे पर्याय उभारता येतील का, याचा मसुदा एका समितीला हवा होता. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ‘तुम्ही संतसाहित्य शिकवताच की’ असे म्हणून ते काम आम्हा मराठीच्या तिघांकडे आले. आम्ही तिघेही चाळिशी ओलांडलेले. मसुदे कसे लिहायचे हे आता आम्हांला अंगवळणी पडले आहे.

पहिला मसुदा त्यामुळे सुबक झाला. संस्थापक, धर्मग्रंथ, प्रमुख तत्त्वे, सण-उत्सव, समाजजीवनावरील प्रभाव. सहा धर्मांसाठी तेच पाच मुद्दे, आणि प्रत्येक मुद्द्याला एक तासिका. प्रस्तावनेत सर्वधर्मसमभाव. सेवाग्रामपासून आठ-दहा किलोमीटरच्या आत बसून हा शब्द लिहिताना लेखणी अडखळण्याचे काही कारणच नव्हते. आश्रमाच्या सर्वधर्मप्रार्थनेत बौद्ध मंत्र, उपनिषदातील वचन, कुराणातील आयत आणि जरथुष्ट्री गाथा एकापाठोपाठ एक येतात. आमचा मसुदाही तसाच होता, एकापाठोपाठ एक.

अडचण आली ती शेवटच्या रकान्यात. ‘स्थानिक संदर्भ’ असा तो रकाना होता, आणि बौद्ध धर्मासमोर आम्ही सहजपणे लिहिले : धर्मानंद कोसंबी.

धर्मानंद जन्मले १८७६ साली, गोव्यातील सांखवाळ येथे, एका सारस्वत कुटुंबात. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांचे मन तिकडे ओढले गेले. संस्कृत शिकण्यासाठी पुणे, काशी. पुढे नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. सिंहलद्वीपात त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली, पाली आत्मसात केली. पुढे १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली, हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनावर काम केले, आणि मराठी वाचकाला बुद्ध मराठीतून दिला. इथवर सारे आमच्या घटकात नीट बसते. पण आयुष्याच्या अखेरीस हा मनुष्य सेवाग्रामला आला आणि जून १९४७ मध्ये, अन्नत्याग करून, तेथेच त्याने देह ठेवला. शरीर निरुपयोगी झाल्यावर असे मरण स्वीकारावे, ही कल्पना त्यांनी जैन परंपरेतून घेतली होती. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले आहे. गोव्याच्या ब्राह्मण घरातला, बौद्ध विद्येचा आचार्य, जैनांच्या वाटेने, गांधींच्या आश्रमात निजधामास गेला. याला कोणत्या घटकात बसवायचे? पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या?

आमच्यापैकी एकाने सुचवले, की हा अपवाद समजून सोडून द्यावा. म्हणून पुढच्या नावाकडे वळलो. हिंदू धर्मासमोर आम्ही विनोबा लिहिले होते. १९२१ मध्ये ते वर्ध्याला आले. १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ लिहिली. गोपुरीतल्या गीताई मंदिराला छप्पर नाही, फक्त त्या ओव्या कोरलेल्या शिळा आहेत, हे येथील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण याच माणसाने कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबी भाषा शिकून घेतली आणि कुराणाचे सार काढले. धम्मपदाची नवी जुळणी केली. ख्रिस्ती धर्माचे सार सांगितले. आणि त्यांच्याच प्रेरणेने १९७४ मध्ये जैनांच्या सर्व पंथांना मान्य असा ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा संग्रह सिद्ध झाला. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांनीही अन्न-औषध नाकारून देह ठेवला, आणि तो दिवस होता महावीर-निर्वाणाचा. तेव्हा एकाच जिल्ह्यात दोन अपवाद झाले.

मग आम्ही इस्लामसमोर लिहिलेल्या नावाकडे पाहिले : गिरड. समुद्रपूर तालुक्यातल्या या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. तिथल्या जमिनीत सुपारी-जायफळासारखे गोल खडे सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला, अशी त्यांची कथा. तेथे नवस फेडायला जाणाऱ्यांत हिंदू कुटुंबे किती असतात, हे सांगण्यासाठी जिल्ह्यातल्या माणसाला पुस्तक उघडावे लागत नाही. आणि आर्वी-कारंजाकडच्या गोंडांची पेनपूजा? तिला तर आमच्या सहा घटकांत जागाच नव्हती. संस्थापक नाही, ग्रंथ नाही, म्हणजे पाचांपैकी पहिले दोन मुद्दे कोरेच.

दुपारपर्यंत आमच्या लक्षात आले, की चूक या माणसांची नव्हे, रकान्यांची आहे.

अशी चूक करणारे आम्ही पहिलेच नव्हतो. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये पदवीच्या तीन वर्षांसाठी अशीच पायरी आखली होती : पहिल्या वर्षी धर्मपुरुषांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी निरनिराळ्या धर्मग्रंथांतील सर्वांना भावतील असे वेचे, तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातील प्रश्न. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण असा मोलाचा भेद केला. संविधानाचा अठ्ठाविसावा अनुच्छेद शासनाच्या पैशावर पूर्णतः चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षणाला मज्जाव करतो; परंतु धर्मांचा अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा कायद्याची भीती आम्हांला नव्हती. आमची भीती वेगळी होती, आणि तिचे मूळ आमच्याच वर्गात होते.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या एम.ए.च्या वर्गात महानुभाव घरातली एक विद्यार्थिनी होती. ‘लीळाचरित्रातील चक्रधरांची व्यक्तिरेखा रेखाटा’ हा प्रश्न तिने उत्तम लिहिला होता. गुणही चांगले मिळाले. उत्तरपत्रिका घेऊन ती नंतर खोलीत आली आणि म्हणाली, “सर, घरी स्वामी परमेश्वर आहेत. इथे मी त्यांना व्यक्तिरेखा म्हणते. दोन्हीपैकी एका ठिकाणी मी खोटं बोलते का?” उत्तर मिळाले : “हे परीक्षेत येणार नाही.” ती हसली, ‘बरं’ म्हणाली आणि गेली. हे उत्तर आमच्यापैकी एकाने दिले असले, तरी उरलेल्या दोघांनीही तेच दिले असते.

गेली वीस वर्षे आम्ही धर्मग्रंथच शिकवत आलो आहोत. ‘ज्ञानेश्वरी’, ‘लीळाचरित्र’, तुकोबांचे अभंग. फक्त त्यांना आम्ही ‘मध्ययुगीन साहित्य’ म्हटले, आणि त्या नावाच्या आड उभे राहून श्रद्धेच्या प्रश्नाला चुकवले. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीच्या कुलपात होते. राजवाडे-भावे यांच्या पिढीने ते कुलूप उघडले म्हणून आम्हांला मराठीचे आद्य गद्य लाभले. पण पंथाची पोथी साहित्याचा ग्रंथ झाली, तेव्हा वाचणाऱ्याचे नेमके काय बदलले, हा प्रश्न आम्ही एकाही वर्गाला विचारला नाही. त्या मुलीने तो विचारला होता. धर्म-अध्ययन नावाच्या विषयाला या प्रश्नाखेरीज दुसरे काय प्रयोजन असू शकते?

प्रार्थनेत वचने शेजारी-शेजारी ठेवता येतात. तेथे तेवढेच पुरेसे असते. अभ्यासात मात्र ती एकमेकांसमोर बसवावी लागतात, आणि कोण कुणाला काय विचारतो हे ऐकावे लागते. हा फरक लक्षात आल्यावर आम्ही दुसरा मसुदा लिहिला. त्यात सहा धर्म नव्हते. चार प्रश्न होते. धर्मग्रंथ दुसऱ्या भाषेत येतो तेव्हा काय होते? येथे ‘गीताई’ आणि भदंत आनंद कौसल्यायन यांचा जातककथांचा हिंदी अनुवाद. ग्रंथ कोणाच्या मालकीचा? येथे ‘लीळाचरित्र’. स्थान पवित्र कशाने होते आणि तेथे कोणाला प्रवेश? येथे गिरड, पेनठाणे, आणि जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये दलितांना खुले केलेले वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर. माणूस आपला धर्म बदलतो, वाढवतो किंवा सोडतो तेव्हा काय घडते? येथे धर्मानंद, आणि १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर.

राहिला पदवीचा प्रश्न, आणि तो अधिक कठीण आहे. विद्यार्थी विचारतो, ‘सर, याच्यावर नेटला कोणता विषय?’ हा प्रश्न हिणवण्याजोगा मुळीच नाही; त्याच्या घरच्यांनी कापूस विकून शुल्क भरलेले असते. नेटच्या यादीत ‘बौद्ध, जैन, गांधीवादी आणि शांतता अध्ययन’ असा एकच जोडविषय आहे, धर्मांचे तुलनात्मक अध्ययन वेगळे आहे, पाली वेगळी, प्राकृत वेगळी, अरब संस्कृती व इस्लामी अध्ययन वेगळे. अलीकडे हिंदू अध्ययनाची भर पडली असून, त्यातली एम.ए. काशी हिंदू विश्वविद्यालयात २०२२ पासून सुरू आहे. यादी पाहिली की वाटते, धर्मानंद आणि विनोबा आज परीक्षेला बसले असते, तर अर्ज कोणत्या विषयात भरायचा याच विवंचनेत मुदत संपली असती.

पदव्यांची नावे वाढवावीत की जोडावीत, याबद्दल आम्हा तिघांत अजून मतभेद आहेत. एका गोष्टीवर मात्र एकमत झाले. धर्मानंद पाली शिकले, विनोबा अरबी शिकले. कौसल्यायन पंजाबात जन्मले, सिंहलद्वीपात भिक्षू झाले, वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम सांभाळत हिंदी लिहीत राहिले, आणि बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ त्यांनी हिंदीत नेला. आज येथील हिंदी विश्वविद्यालयातले बौद्ध अध्ययन केंद्र त्यांच्या नावाने आहे, ते उगाच नव्हे. आपल्या जन्मघराबाहेरची एक भाषा मुळातून शिकणे, हीच या तिघांची दीक्षा होती. म्हणून आमचे म्हणणे असे : प्रमाणपत्रापासून ऑनर्सपर्यंत पायरी कोणतीही असो, तिच्यासोबत एक मूळ भाषा सक्तीची असावी, पाली, प्राकृत, संस्कृत, अरबी किंवा जुनी मराठी. तिच्यावाचून दिलेली पदवी म्हणजे सामान्यज्ञानाचे जाडजूड प्रमाणपत्र. अशाने विद्यार्थी कमी येतील, हे आम्ही जाणतो. शिकवायला माणसे नाहीत, हेही जाणतो. पण माणसे नाहीत म्हणून विषय पातळ करायचा आणि विषय पातळ म्हणून माणसे घडत नाहीत, हे रहाट आम्ही आमच्याच विभागात उभ्या आयुष्यात पाहिले आहे.

समितीने काय केले? पहिला मसुदा स्वीकारला. तो सुटसुटीत होता, वस्तुनिष्ठ प्रश्न काढायला सोपा होता, आणि कोणी दुखावले जाणार नाही अशी खात्री त्यात होती. दुसऱ्या मसुद्यातले ‘स्थानभेट : दोन तासिका’ एवढे मात्र त्यात आले. भाषेची अट ‘यथावकाश’ या शब्दाच्या हवाली झाली.

आम्हांला त्याचा राग आला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण पहिला मसुदाही आमचाच होता, हे विसरून कसे चालेल? तेव्हा आमच्या हातात जे होते तेवढे आम्ही केले. अंतर्गत मूल्यमापनाचा प्रश्न शिक्षकाने काढायचा असतो. यंदा एम.ए.च्या वर्गाला ‘लीळाचरित्रा’वर आम्ही दिलेला प्रश्न असा : ‘एकाच चक्रधरांना व्यक्तिरेखा म्हणणारा वाचक आणि परमेश्वर म्हणणारा वाचक, या दोघांनी एकच लीळा वाचली. ते एकच वाचन आहे का?’

उत्तरे आली आहेत. काही पाठ केलेली, काही गोंधळलेली, दोन-तीन अशी की वाचून आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. जिने हा प्रश्न आम्हांला शिकवला तिचे शिक्षण केव्हाच संपले. तिच्या उत्तरपत्रिकेवरचे गुण आता बदलता येत नाहीत. तिला दिलेले उत्तर मात्र बदलता आले : हे परीक्षेत येते.