सस्पेन्शन किती टिकतं?

गाडीला भारीतलं सस्पेन्शन बसवलंय असं कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "केवढ्याला पडलं?" आणि दुसरा, "किती टिकतं?" पहिल्याचं खरं उत्तर मी घरी अजून दिलेलं नाही, त्यामुळे इथेही देणार नाही :-) दुसऱ्याचं मात्र देता येईल. सवयीने मी गाडीचीही एक्सेल शीट ठेवतो. आणि सध्या टीममधला एक मित्र त्याच्या गाडीसाठी हप्त्यांवर किट घ्यायच्या बेतात आहे, तो रोज चहाला हेच विचारतो.

आधी गाडीबद्दल. माझी जिप्सी २०१२ ची, सेकंडहँड. जिप्सी १९८५ साली भारतात आली आणि २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकांसाठी बंद झाली. मधल्या काळात इंजिन बदललं, रुंदी वाढली, पण मूळ रचना तीच राहिली: पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि चारही चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. ओझं वाहायला उत्तम. पण दोनच माणसं घेऊन पुण्यातल्या स्पीडब्रेकरवरून गेलात तर मणका न् मणका मोजून मिळतो.

२०२१ च्या ऑक्टोबरात मी चारही पाटे आणि चारही शॉकअप बदलले. तेव्हापासून किट ६२ हजार किलोमीटर चाललंय. त्यात रोजचं पुणे आहे, पावसाळ्यातले वरंधा आणि ताम्हिणी आहेत, आणि २०२२ व २०२४ अशा दोन स्पिती वाऱ्या आहेत.

आता मुद्दा. 'सस्पेन्शन' नावाची एकच वस्तू नसते. त्यात पोलाद आहे, तेल आहे आणि रबर आहे, आणि तिघांचं आयुष्य वेगवेगळं. म्हणून "किट किती टिकतं" या प्रश्नाला एकच आकडा देणारा दुकानदार भेटला तर त्याला नमस्कार करून बाहेर पडावं.

पोलाद सगळ्यात चिवट. पाटा खचतो तो मुख्यतः कायमच्या ओझ्याने. छतावरचं कॅरियर, जेरीकॅन, हत्यारांची पेटी हे सगळं ट्रिप संपल्यावरही वर्षभर गाडीत पडून असेल, तर चांगला पाटाही बसत जातो. आणि तुटतो तो बहुतेकदा गंजाच्या खड्ड्यापासून किंवा दगडाने पडलेल्या ओरखड्यापासून, कारण तडा तिथून सुरू होतो. मी दर सहा महिन्यांनी सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजतो. ६२ हजारानंतर मागची डावी बाजू ९ मिलिमीटर खाली आहे, बाकीच्या त्याहून कमी. म्हणजे पाटे ठणठणीत.

तेलाचं तसं नाही. शॉकअपचं काम म्हणजे पाट्याची उसळी तेलात जिरवणं. पिस्टन बारीक भोकांतून तेल ढकलतो आणि हालचालीची उष्णता होते. जुन्या पाट्यांमध्ये पानावर पान घासून थोडी उसळी तिथेच मरायची. माझ्या नव्या पाट्यांत घर्षण कमी व्हावं म्हणून पानांच्या टोकांशी नायलॉनचे तुकडे आहेत. गाडी मऊ चालते, पण घर्षणाने वाचवलेलं ते काम शॉकअपच्या डोक्यावर येतं. आपल्या धंद्यात एक बॉटलनेक काढला की दुसरा उघडा पडतो ना, अगदी तसंच.

आणि ते काम थोडं नाही. कच्च्या रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात. दोन लाटांत पाऊण मीटर अंतर धरा आणि ताशी ४० चा वेग धरा. प्रत्येक चाक सेकंदाला सुमारे १५ वेळा वर-खाली होतं, म्हणजे तासाला पन्नास हजारांहून जास्त वेळा! तेल तापतं, पातळ होतं, फेसाळतं आणि शॉकअप ढिला पडतो. नायट्रोजन भरलेल्यात फेस कमी होतो. मोनोट्यूब प्रकार लवकर थंड होतो, कारण त्याची बाहेरची नळी थेट वाऱ्यात असते. पण त्याच नळीला दगडाने पोचा आला तर पिस्टन अडकतो. म्हणून मी दुहेरी नळीचे घेतले.

आता रबर. २०२४ च्या ट्रिपला आई-बाबा बरोबर होते. किन्नौरमार्गे काझाला पोचलो. पुढे लोसर, साडेचार हजार मीटरवरचा कुंझुम आणि मग बातल-छत्रूचा दगडगोट्यांचा रस्ता बाकी होता. खराब रस्ता संपल्यावर मी नेहमी चारही शॉकअपना जपून हात लावून बघतो. जो काम करतो तो तापतो, जो गार तो कामचुकार. त्या संध्याकाळी तीन चटका देत होते आणि मागचा उजवा नुसता कोमट.

तेल गळत नव्हतं. गाडीखाली शिरून बघितलं तर खालच्या टोकाचा रबरी बुश फाटून त्याचा चुरा झालेला. लाटांची छोटी हालचाल त्या ढिलाईतच जात होती, शॉकअपपर्यंत पोचतच नव्हती. आई वरून विचारतेय, "काय रे, काही मोठं आहे का?" मोठं नव्हतं, पण तसंच पुढे गेलो असतो तर लोखंडावर लोखंड आपटून चॅसीवरचा ब्रॅकेट तडकायला वेळ लागला नसता. आणि बातलला आई-बाबांना घेऊन अडकणं म्हणजे काय, याचा विचारही नको. नाना पेठेतल्या मिस्त्रींनी निघताना बुशचा एक सेट बळेच खिशात कोंबला होता: "साहेब, पाटा तुटायच्या आधी ओरडतो. रबर गुपचूप जातं." दीडशे रुपयांचा बुश, पाऊण तासाचं काम. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कुंझुमवर होतो.

"मग पॉलियुरेथेनचे बुश घाल की," असं पुष्कळ जण सुचवतात. ते जास्त टिकतात, खरंय. पण ते कडक असतात, ग्रीस कमी पडलं की किरकिरतात, आणि जो पीळ रबर सोसतं तो पुढे ब्रॅकेटला सोसावा लागतो. मी रबरच ठेवलंय आणि दर २० हजाराला बदलतो.

एक गोष्ट मात्र कधीही टाळू नये, यू-बोल्ट. जिप्सीत अ‍ॅक्सलला जागेवर धरणारं पाट्यांशिवाय दुसरं काही नाही. नवे पाटे बसले की पहिल्या पाचशे-हजार किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा मापात आवळायचे, आणि खोलले तर नवेच घालायचे. ढिले राहिले तर सगळा भार मधल्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की अ‍ॅक्सल सरकतो, आणि घाटात अ‍ॅक्सल सरकणं हे वर्णन करायला माणूस उरेलच असं नाही.

तर मित्राला माझं उत्तर असं. माझ्या वापरात पाटे अजून निम्मंही आयुष्य संपल्यासारखे वाटत नाहीत. शॉकअपचं आयुष्य मी ६० हजार धरतो, गळो न गळो. बुश २० हजार. त्यामुळे हप्ता ठरवताना किटची किंमत बघू नकोस, पुढच्या पाच वर्षांचे शॉकअप आणि रबरही धर. ते परवडत नसेल तर कंपनीचेच पाटे ठेव, नवे बुश घाल, टायरमधली हवा रस्त्याप्रमाणे कमी-जास्त कर आणि सावकाश चालव. अर्धा फरक तिथेच पडतो.

माझे चार नवे शॉकअप पुढच्या शनिवारी बसतायत. जुने अजून तापतात, पण आई-बाबांना आता लडाख बघायचंय. केवढ्याला पडले ते विचारू नका.