हाटपिपल्याची गॅलरी : साग की डब्ल्यूपीसी?

इंदूरहून बैतूलच्या रस्त्याने निघालात की डबलचौकी मागे पडते, दोन्ही बाजूंना सपाट काळी शेतं लागतात आणि चापड्याला रस्ता फुटतो. उजवीकडे बागली, डावीकडे हाटपिपल्या. बागलीच्या पुढे विंध्याचा उतार सुरू होतो आणि सागाचं रान लागतं. हाटपिपल्याच्या बाजूला मात्र माळव्याचं पठारच आहे. मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कैलाश जोशी यांचा १९२९ चा जन्म याच गावातला. नावातच हाट असल्यामुळे गावाची ओळख पहिल्यापासून बाजाराची. सागाचं रान इतकं जवळ, की जुनं घर म्हटलं की खांब, तुळया, कड्या, फळ्या सगळं सागाचं, हे इथे गृहीतच असतं.

माझ्या आत्याचं घर असंच आहे. खाली दगडी ओटा, वर रस्त्याच्या बाजूला लाकडी गॅलरी. गॅलरीवर पत्र्याचं छप्पर आहे. मागच्या बाजूला तशाच फळ्यांचा एक उघडा सज्जा आहे, त्यावर ऊन आणि पाऊस थेट पडतो. माळव्यातली संध्याकाळ किती गार असते हे तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यातसुद्धा दिवस मावळला की आत्या-आतोबा गॅलरीत येऊन बसतात, आणि खालून जाणारा प्रत्येक जण वर बघून दोन शब्द बोलून पुढे जातो.

यंदा त्या फळ्या बदलायची वेळ आली. मागच्या सज्जाच्या चार फळ्या खिळ्यांपाशी कुजल्या होत्या, पुढच्या गॅलरीत एक कडी वाळवीने पोखरली होती. आतेभाऊ इंदूरला, मी पुण्याला. घरातला इंजिनिअर म्हणून ‘जरा चौकशी कर’ हे काम माझ्याकडे आलं. प्रश्न साधा होता : पुन्हा साग बसवायचा, की डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून केलेली फळी?

परदेशातल्या आपल्या मंडळींना हा प्रश्न चांगला ओळखीचा असेल. अमेरिकेत घरामागचा डेक बांधताना हाच वाद होतो. तिथे पूर्वी आर्सेनिकयुक्त रसायन मुरवलेलं लाकूड डेकला सर्रास वापरत. २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बंद झालं. भुसा आणि जुन्या प्लास्टिकच्या फळ्यांचा धंदा तिथे १९९० च्या दशकात उभा राहिला. ट्रेक्स ही त्यातली मोठी कंपनी मोबिल कंपनीच्या एका विभागातून १९९६ मध्ये वेगळी झाली. आता अशा फळ्या इंदूरच्या दुकानांतही मिळतात.

आधी सागाचं बघू. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात, म्हणून तो टिकतो. पण हा गुण फक्त गाभ्याचा. सालीलगतचं फिकट लाकूड वाळवी आवडीने खाते. जुन्या घरांतला साग मोठ्या झाडांचा, म्हणून जवळजवळ सगळा गाभाच. आज बाजारात मिळणारा बराच साग लागवडीच्या तरुण झाडांचा असतो आणि आफ्रिकेतून किंवा दक्षिण अमेरिकेतूनही येतो. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवली, तेव्हापासून तो जुना बर्मा साग आणखी दुर्मीळ झाला. म्हणजे ‘साग घेतला’ एवढ्याने भागत नाही. फळी उलटीपालटी करून फिकट पट्टा किती आहे ते पाहावं लागतं. शिवाय सागाच्या वाहतुकीला वनविभागाचा परवाना लागतो, तेव्हा ‘स्वस्तात आणून देतो’ म्हणणाऱ्याकडे आधी पावती मागावी.

आता डब्ल्यूपीसी. तिला वाळवी सहसा लागत नाही, ती लाकडासारखी कुजत नाही, तेलपाणी मागत नाही. पण तिचे स्वभाव वेगळे आहेत. पहिला स्वभाव उन्हाचा. प्लास्टिकमुळे ती लांबीला बरीच वाढते. मी आठ फुटी फळीचा हिशोब केला : दर अंशाला साधारण ०.१ मिलिमीटर. जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली तापलेली दुपार यांत फळीच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे ५ मिलिमीटर. टोकाला तेवढी फट ठेवली नाही तर फळी फुगून वर उचलते. लाकूड लांबीला याच्या दहाव्या हिश्शाएवढंच वाढतं. ते फुगतं रुंदीला, आणि उन्हाने नव्हे तर ओलीने. सहा इंच रुंदीची सागाची फळी पावसाळ्यात दोनेक मिलिमीटर रुंद होते. फट दोघांनाही लागते, फक्त जागा वेगळी.

दुसरा स्वभाव ताकदीचा. डब्ल्यूपीसी लाकडापेक्षा जास्त वाकते, म्हणून तिच्याखाली साधारण दर १६ इंचांवर आधार द्यावा लागतो. आत्याच्या घरच्या कड्या दोन-दोन फुटांवर आहेत. सव्वा इंची सागाला ते अंतर पुरतं, डब्ल्यूपीसीला नाही. म्हणजे फळ्या बदलायच्या तर खालचा सांगाडाही वाढवायला हवा. दुकानदार फुटाचा भाव सांगतो त्यात हे धरलेलं नसतं.

तिसरा स्वभाव पायाला कळतो. भर उन्हात डब्ल्यूपीसी लाकडापेक्षा जास्त चटके देते, गडद रंगाची तर फारच. आत्या उन्हाळ्यात मागच्या सज्जात पापड-कुरडया घालते, तेही अनवाणी.

आगीच्या बाबतीत दोघांनाही पूर्ण मार्क नाहीत. इंदूरचा राजवाडा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. तो १८०१, १९०८ आणि १९८४ असा तीनदा जळला. पण डब्ल्यूपीसीतही अर्ध्याच्या आसपास भुसाच असतो आणि सोबतचं पॉलिथिलीनही जळतं. पीव्हीसीची फळी लवकर पेट घेत नाही, पण पेटली तर धूर घातक.

शेवटचा मुद्दा पन्नास वर्षांनंतरचा. सागाची फळी झिजली तर रंधा मारून, उलटी करून पुन्हा लावता येते. तिचं दार होतं, पाट होतो. डब्ल्यूपीसीला रंधा मारून नवं रूप देता येत नाही. भुसा आणि प्लास्टिक पुन्हा वेगळं करणं तर घरच्या घरी अशक्यच.

हे सगळं मी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्त्यात मांडून टाकलं. मग दिवाळीत आम्ही सगळे हाटपिपल्याला जमलो तेव्हा खरी चर्चा झाली. आतेभाऊ म्हणाला, “डब्ल्यूपीसीच लावू बाबा. एकदा लावली की वीस वर्षं बघायला नको.”

आतोबा फळीवर हात फिरवत होते. म्हणाले, “बघायला नको म्हणजे यायलाही नको, असंच ना?”

कोणीच काही बोललं नाही. आतोबा दरवर्षी अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, लाकूड अगदी कोरडं असताना, स्वतः गॅलरीला अळशीचं उकळलेलं तेल लावायचे. आता ते सत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे वाकत नाहीत. गेली तीन वर्षं तेल लागलेलं नाही, आणि फळ्यांकडे पाहिलं की ते दिसतं. माझ्या तक्त्यात देखभालीचा रकाना होता. तिथे मी ‘वर्षातून एकदा’ असं लिहिलं होतं. कोणी, हे त्यात नव्हतं.

तिथून पुढे निर्णय सोपा झाला. पुढची गॅलरी छपराखाली आहे. तिथे सागच ठेवायचा. पोखरलेली कडी बदलायची आणि चांगल्या जुन्या फळ्या रंधा मारून पुन्हा बसवायच्या. सुताराने मोजून सांगितलं की दहापैकी सात निघतील. मागच्या उघड्या सज्जात फिकट रंगाची डब्ल्यूपीसी, खाली लोखंडी सांगाड्यावर नीट आधार आणि टोकांना फट. पापडांसाठी तिथे ताडपत्रीची सावली आणि आत्यासाठी दाराशी चपलांचा जोड. (“माझ्या सज्जात मी चपला घालू?” यावर अजून वाद चालू आहे.)

तुमच्यापैकी कोणी गावच्या घराची गॅलरी किंवा न्यू जर्सीतला डेक नवा करणार असाल, तर भाव विचारण्याआधी तीन गोष्टी पाहा : जागेवर ऊन-पाऊस थेट पडतो का, खालचे आधार किती अंतरावर आहेत, आणि दरवर्षी एक दिवस देणारं माणूस घरात आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर साग घेऊ नका. तो देखभालीशिवाय लगेच पडणार नाही, पण दरवर्षी तुम्हाला ते दाखवत राहील.

आमच्याकडे पाळी ठरली आहे. येत्या अक्षय्यतृतीयेला आतेभाऊ, पुढच्या वर्षी मी. मुलांना सुट्टी असेलच, तेही येतील. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात भिजवून उघड्यावर पसरून वाळवायची. हे आतोबांनी आम्हाला दोनदा बजावलं आहे, आणि खुर्ची टाकून ते स्वतः देखरेखीला बसणार आहेत.