खांद्यातलं अक्षर

टॅबलेटवर काम करून हात दुखतो म्हटलं की समोरचा माणूस उजव्या हाताकडे बघतो. अक्षर काढणारा हात तोच, तेव्हा दुखणारही तोच, असा साधा हिशेब. प्रत्यक्षात आधी बोंबलतो तो डावा. उजवा निदान हलतो, थांबतो, मध्येच चहाचा कप उचलतो. डाव्याला मात्र कव्हरसकट पाऊण किलोची ती पाटी अंगठा आणि चार बोटं यांच्यात धरून तासन्‌तास बसायचं असतं, कलली की सावरायचं असतं. राबायचं एकानं आणि नाव दुसऱ्याचं, आमच्या धंद्यात हे काही नवं नाही.

मी जालन्याचा पेंटर. दुकानाच्या बोर्डावर आता 'डिझायनर' लिहिलंय, पण मोंढ्यातून जाताना हाक येते ती 'पेंटर' अशीच. काम बियाण्याच्या पिशव्यांचं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथे महिको सुरू केली आणि मग या गावात बियाण्याच्या कंपन्या उगवतच गेल्या. बाहेरच्यांना जालना म्हटलं की सळई आठवते, नाहीतर मोसंबी. माझ्या टेबलावर कपाशी, तूर, मका, भेंडी आणि मिरची. प्रत्येक वाणाला नाव असतं आणि प्रत्येक मालकाचं म्हणणं एकच असतं: "पेंटर, नाव असं दमदार काढा की कृषी केंद्राच्या पायरीवरून वाचता आलं पाहिजे." तयार फाँट लावला तर शेजारच्या दोन पिशव्यांवर तोच बसलेला असतो. म्हणून नावं अजून हातानं काढावी लागतात. महाशिवरात्रीनंतर हे काम चढायला लागतं आणि मृग निघेपर्यंत मान वर करू देत नाही.

हाताला वळण लागलं ते भिंतीवर. फ्लेक्स आला नव्हता तेव्हा खताच्या, बियाण्याच्या, पाइपांच्या जाहिराती गावोगावच्या भिंतींवर रंगवायच्या असत. एसटीच्या टपावर शिडी टाकायची आणि अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा असा फेरा करायचा. राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी, म्हणून त्या रस्त्यावरच्या भिंती सगळ्यांना हव्या असत. आमचे उस्ताद खाली उभे राहून विडी ओढत एकच गोष्ट सांगायचे, "कंधे से खींच रे, उंगली से नक्को." दोन पोरं गेरूत बुडवलेली सुतळी भिंतीवर ताणून धरायची. मधोमध उचलून सोडली की शिरोरेषेची जागा लाल उमटायची. त्या रेघेला चपटा ब्रश लावायचा आणि 'क'ची उभी रेघ खाली आणताना आधी गुडघा वाकवायचा. गुडघ्याबरोबर खांदा खाली यायचा आणि खांद्याबरोबर ब्रश. मनगट या सगळ्यात जिथल्या तिथे, जराही न वाकता. 'क'चं पोट डावीकडे वळवताना कोपर बाहेर जायचं, परत आत यायचं. बोटांकडे काम एवढंच की ब्रश पडता कामा नये.

शिवाय त्या कामात थांबणं होतं. शिडी सरकवायची, रंग घोटायचा, ब्रश रॉकेलमध्ये धुवायचा, पहिला हात वाळेपर्यंत पारावर जाऊन बसायचं. गावातलं कुणीतरी येऊन आपल्या दुकानाचंही नाव फुकटात काढून मागायचं, त्याच्याशी हुज्जत घालायची. दिवसभर उन्हात काम करून पाठ भरून यायची, पोटऱ्या दुखायच्या, पण मनगट दुखतं अशी तक्रार मी त्या काळात एकाही पेंटरच्या तोंडून ऐकली नाही.

टॅबलेटवर आल्यावर भिंतीवरचा दोन फुटांचा 'क' तळहाताएवढा झाला. खांद्याला त्यात कामच उरलं नाही. कोपर टेबलावर टेकलं, मनगट काचेच्या कडेवर वाकलं आणि सगळी हालचाल तीन बोटांत येऊन बसली. दोन बोटं फाकवून अक्षर मोठं करता येतं खरं, पण मग त्याचा एकच तुकडा समोर दिसतो आणि माणूस त्या तुकड्याची कड गुळगुळीत करत बसतो. छापल्यावर जी कड कुणालाही दिसणार नाही, तिच्यावर अर्धा तास जातो. भिंतीला आणि कागदाला दाणा असतो, तो टोकाला धरून ठेवतो. काचेवर टोक निसटतं, म्हणून बोटं आपोआप आवळली जातात. स्वस्त टॅबलेट असेल तर तळवा टेकला की भलतीच रेघ उठते, मग हात अधांतरी धरून काढायची सवय लागते आणि ज्या खांद्याला काम नव्हतं तोही दुखायला लागतो.

पण खरी मेख दाबात आहे. बरू तिरका कापलेला असतो आणि चपट्या ब्रशला धार असते. देवनागरीतली जाड-बारीक रेघ त्यातून कोनानं निघते. कोन तोच ठेवून हात फिरवला की एका दिशेला रेघ जाड येते, दुसऱ्या दिशेला बारीक, आणि जोर लावावा लागत नाही. टॅबलेटच्या पेनाचं टोक गोल असतं. जाड रेघ हवी की बारीक, हे ते बहुतेक वेळा दाबावरून ठरवतं. जाड हवी तर दाबा, आणखी जाड हवी तर आणखी दाबा. आमच्या मालकांना सगळं 'दमदार' हवं, म्हणजे दिवसभर जाड रेघा. उस्तादांच्या ब्रशच्या केसांत जो जाडपणा फुकट होता तो आता अंगठ्यानं पुरवायचा. आयपॅडचं पेन्सिलवजा पेन 2015 मध्ये बाजारात आलं तेव्हा त्याला दाब किती बारकाईनं कळतो याचं केवढं कौतुक झालं. तो दाब द्यायचा कुणी, हे कुणी विचारलं नाही.

डावा हात तर कुरकुरत होताच, पण एका हंगामात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला ठणका सुरू झाला. कुलूप उघडताना, ओला टॉवेल पिळताना, कढईचा कान धरताना कळ यायची. फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंनी अंगठा मुठीत मिटायला सांगितला आणि मूठ हलकेच करंगळीच्या बाजूला झुकवली. मी खुर्चीतून उठलोच. बाईंना उत्तर मिळालं होतं. मनगटाच्या त्या कडेला हाडालगत एक अरुंद नळी असते. अंगठा बाहेर ओढणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या दोन कंडरा तिच्यातून जातात. तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा झाली, वर मनगट वाकडं राहिलं, की नळीचं आवरण जाड होतं आणि कंडरांना सरकायला जागा उरत नाही. फ्रिट्झ डी कर्व्हेन नावाच्या स्विस सर्जननं 1895 साली हे दुखणं मांडलं, म्हणून त्याचंच नाव याला चिकटलं. बाई म्हणाल्या, "दादा, हे घेऊन माझ्याकडे येतात त्या जास्त करून तान्ह्या लेकरांच्या आया. बाळाला काखेत धरून उचलताना अंगठा असाच ताणला जातो." बाहेर बाकावर खरंच दोन आया बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी अंगठ्याला पट्टा बांधलेला मी.

दुसरं एक दुखणं याच्याहून वेगळं आहे आणि लोक दोन्हींत गल्लत करतात. तळहाताच्या बाजूला मनगटात आणखी एक बोगदा आहे. बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस त्यातून दाटीवाटीनं जातात. तिथे दाब वाढला की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. माणूस झोपेतून उठून हात झटकतो. करंगळी सुटते, कारण तिची नस वेगळ्या वाटेनं जाते. मधुमेह असेल, थायरॉईडची तक्रार असेल, तर हे होण्याचा संभव जास्त. मुंग्या जाईनाशा झाल्या, हातातून वस्तू निसटायला लागल्या, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसायला लागला, तर मलम चोळत बसू नये. डॉक्टर गाठावा.

लिहिणाऱ्याचा हात दुखणं मात्र टॅबलेटपेक्षा फार जुनं आहे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलकार कधी कधी एक संस्कृत श्लोक लिहून ठेवत. पाठ, कंबर आणि मान मोडली आहे, मूठ आवळलेली आहे, तोंड खाली आहे, अशा कष्टानं हा ग्रंथ लिहिला आहे, तेव्हा तो जपा, असा त्याचा भाव. त्यातली ती आवळलेली मूठ वाचली आणि मला माझीच मूठ दिसली. इटलीतला बेर्नार्दिनो रामाझिनी हा कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिणारा वैद्य. 1713 च्या वाढीव आवृत्तीत त्यानं कारकुनांच्या आणि नकलकारांच्या हाताविषयी लिहिलं. कारणं तीन दिली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून डोक्यावर असलेला ताण. एका लेखकाचा उजवा हात गेला, त्यानं डाव्यानं लिहायला शिकून घेतलं आणि काही काळानं डाव्यालाही तेच झालं, अशी हकिकत त्यानं नोंदवली आहे. पेन डाव्या हातात घेऊ पाहणाऱ्यांनी ही हकिकत आधी वाचावी.

आणि आमच्या जिल्ह्याचं सांगायचं तर समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब इथलंच, घनसावंगी तालुक्यातलं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. मला तो एखाद्या कसबी कारागिरानं सांगितल्यासारखा वाटतो. अक्षर सुटं, सरळ आणि वाटोळं असावं, पहिलं आणि शेवटचं अक्षर एकाच टाकानं उतरल्यासारखं दिसावं, भोवती समास सोडावा म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षर जाणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहिलेलं म्हातारपणी उपयोगाचं राहत नाही, तेव्हा मध्यम लिहावं, असंही त्यात आहे. समर्थांचा रोख डोळ्यांवर आहे, हे उघड आहे. मी ते मनगटाला लावून घेतलं. मध्यम अक्षराला मध्यम हालचाल लागते, आणि मध्यम हालचाल कोपरातून होते.

तेव्हापासून कामाची मांडणी बदलली. टॅबलेट आता हातात धरत नाही. तो चढत्या स्टँडवर असतो, उस्तादांच्या भिंतीइतका उभा नाही, पण मान खाली जाणार नाही इतका. त्यामुळे डाव्या हाताची नोकरीच संपली आणि त्याची कुरकुरही. पेनावर रबराची जाड नळी चढवली, कारण बारीक दांडा धरायला मूठ जास्त आवळावी लागते. काचेवर खरखरीत फिल्म लावली. तिच्यानं पेनाचं टोक लवकर झिजतं, तो खर्च मी औषधपाण्यात धरतो. सगळ्यात जास्त फरक पडला तो सेटिंगनं. दाबाला जाडी देणं बंद केलं आणि चपट्या टोकाचा, ठरावीक कोनाचा ब्रश करून घेतला. आता बरूसारखं कोनानं लिहितो, हलका हात ठेवला तरी उभी रेघ भरदार येते. पहिला आराखडा तर टॅबलेटवर करतच नाही. जुन्या वर्तमानपत्रावर खडूनं, उभं राहून, हातभर मोठं नाव काढतो, त्याचा फोटो घेतो आणि मग काचेवर फक्त सफाई करतो.

याचा परिणाम अक्षरावर झाला, तो अपेक्षेपेक्षा जास्त. बोटांनी रंगवलेली वेलांटी नीटनेटकी असते, पण तिला वेग नसतो. खांद्यातून आलेल्या वेलांटीत तो राहतो, पिशवीवर चार इंचांची झाली तरी राहतो. आमचे एक जुने मालक, ज्यांना सेटिंगबिटिंग काही ठाऊक नाही, पिशवी हातात घेऊन म्हणाले, "पेंटर, हे भिंतीवरच्यासारखं आलंय." याहून मोठी दाद मला ठाऊक नाही.

दुकानात शिकायला येणारी पोरं भिंतीवर कधी चढलेली नाहीत. मांडीवर टॅबलेट, खांदे वर, मान आत, आणि विशीतच अंगठा चोळत बसलेली. त्यांना मी आल्या आल्या पेन देत नाही. मागच्या भिंतीला काळा रंग दिलाय, तिच्यावर खडूनं बाराखडी काढायला लावतो. कुरकुर करतात, रील बघतात, पण काढतात. हाताचे व्यायामही सांगतो, अर्थात ते करतात की नाही देव जाणे. थांबण्यासाठी मोबाइलचा गजर लावून पाहिला. तो बंद करून काम पुढे रेटणं फार सोपं आहे. त्यापेक्षा पाण्याचा माठ दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि बाटल्या आणायला बंदी केली. जालन्याच्या उन्हाळ्यात तहान गजरापेक्षा इमानदार निघाली.

एवढं करूनही एप्रिल-मेमध्ये हात भरून येतोच, आणि त्याचं कारण आमच्या टेबलावर नाही. रंग वाळायला वेळ लागायचा तेव्हा मालक भिंतीवरचं नाव बदलायला दहा वेळा विचार करायचा. आता बदल फुकट आहे असं सगळ्यांना वाटतं. रात्री अकराला निरोप येतो, 'जरा लोगो मोठा करा.' सव्वाअकराला, 'आधीचाच बरा होता.' नाव रजिस्टर व्हायचं असतं तेव्हा तीन नावं काढून ठेवायची आणि चौथंच पास होऊन येतं. माझ्या अंदाजानं हंगामातलं निम्मं काम अक्षराचं असतं आणि निम्मं करेक्शनचं. करेक्शन म्हणजे खांद्याला सुट्टी आणि अंगठ्याला ओव्हरटाइम.

म्हणून सगळ्या मालक मंडळींना हात जोडून (जोडताना अंगठा अजून जरा दुखतो) एक विनंती आहे. पिशवीचा मजकूर पाठवताना नाव, वजन, पत्ता आणि सूचना घरी एकदा मोठ्यानं वाचा, भागीदारालाही वाचून दाखवा आणि मग एकदाच पाठवा. यंदापासून तिसऱ्या करेक्शनचे पैसे वेगळे लागतील.