खरी असली तरी बाद

पुराव्याचा कायदा शिकवताना इंग्लंडच्या १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्यातलं ७६ वं कलम आलं की मी मुद्दाम थांबतो. कबुली दडपशाहीने काढून घेतली, किंवा ती भरवशाची राहणार नाही अशा परिस्थितीत मिळवली, असा आक्षेप बचाव पक्षाने घेतला, तर तसं घडलेलं नाही हे सरकार पक्षाने निःसंशय सिद्ध करायचं. ते जमलं नाही तर कबुली बाद होते, ज्युरीच्या कानावरही जात नाही. खरी असली तरी बाद, असं कलमातच लिहिलं आहे. इथे विद्यार्थी हमखास अडतात. गुन्हेगार खरं बोलला असेल, तर न्यायालयाने कान का झाकून घ्यायचे?

उत्तरासाठी लंडनच्या कॅटफर्ड भागात जावं लागतं. एप्रिल १९७२ मध्ये तिथल्या जळत्या घरात मॅक्सवेल कॉन्फेट यांचा मृतदेह सापडला. गळा आवळून खून झाला होता. पोलिसांनी १८, १५ आणि १४ वर्षांच्या तीन मुलांना उचललं. थोरल्याची समज जेमतेम आठ वर्षांच्या मुलाएवढी. चौकशीत वकील नव्हता. तिघांनी कबुली दिली आणि तिघेही दोषी ठरले. १९७५ मध्ये अपील न्यायालयाने हे निकाल रद्द केले, कारण वैद्यकीय पुराव्यानुसार मृत्यू आगीच्या बराच आधी झाला होता आणि कबुलीतली हकिगत त्याच्याशी जुळत नव्हती. घाबरलेला माणूस समोरच्याला हवं ते बोलतो. एकदा का ते कागदावर आलं, की खरं-खोटं निवडायला न्यायाधीशाकडे साधन उरत नाही. म्हणून कबुलीत काय आहे याआधी ती कशी मिळाली हे तपासायचं.

या प्रकरणातून आधी सरकारी चौकशी, मग रॉयल कमिशन आणि अखेर १९८४ चा कायदा आला. ठाण्यात वकिलाचा हक्क आणि चौकशीचं ध्वनिमुद्रण त्यातूनच रुजलं. १९७४ च्या बॉम्बस्फोटांत या सुधारणांआधीच कबुलीच्या आधारे दोषी ठरलेले गिल्डफर्डचे चौघे मात्र १९८९ मध्ये सुटले, बर्मिंगहॅमचे सहा जण १९९१ मध्ये.

साक्षीदाराबाबतही इंग्लंड सावध आहे. खटला केवळ ओळखीच्या साक्षीवर उभा असेल, तर प्रामाणिक आणि ठाम साक्षीदारही चुकू शकतो असा इशारा न्यायाधीशाने ज्युरीला द्यावा, हे टर्नबुल खटल्यापासून, म्हणजे १९७६ पासून, पक्कं झालं.

चारित्र्याच्या पुराव्याबाबत मात्र इंग्लंडने वाट सोडली, असं माझं ठाम मत आहे. २००३ च्या कायद्याने आरोपीचे जुने गुन्हे ज्युरीपुढे आणायला सात वाटा उघडल्या. न्यायाधीश काही वाटा रोखू शकतो हे मान्य. पण ‘याने आधीही चोरी केली होती’ हे एकदा ऐकलेले बारा लोक ते मनातून कसं काढणार? आपल्या कायद्यात आरोपीने स्वतः चांगुलपणाचा पुरावा दिल्याशिवाय त्याचं वाईट चारित्र्य सहसा पुढे येत नाही. ती रीत अधिक न्यायाची आहे.

पोलिसांपुढची कबुली ब्रिटिशांनीच केलेल्या १८७२ च्या कायद्याने आपल्याकडे बाद ठरवली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरते. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क अटक झालेल्या प्रत्येकाला आहे. तुमच्या ओळखीतल्या कुणाला अटक झाली, तर आधी वकील गाठा.